देजाची मेंढी

चारचौघांत माझी अब्रू घालवायला माझा मेव्हणा एकटा पुरेसा होता. त्याला दुसऱ्या कुणाची मदत कधी लागली नाही.

तो कऱ्हाटीचा, मी भिगवणचा. माझ्या लग्नात आमच्या रिवाजानं माझ्या बापानं मुलीकडच्यांना देज म्हणून एक मेंढी दिली. मुलगी मागायला हात हलवत जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं मी धरून चाललो. मेव्हण्यानं निराळंच धरलं. ती मेंढी त्यानं विकली नाही, कापली नाही. म्हातारी होऊन मेली तर तिची लेक ठेवली, मग लेकीची लेक. आणि माझ्या घरात जरा भांडण झालं, की हा मेंढी दोरीला धरून माझ्या दारात उभा! "दाजी, घ्या तुमची मेंढी. द्या माझी बहीण." एकदा कालवण खारट झालं म्हणून मी ताट सरकवलं, दुसरं काही नाही, तर हा मेंढीसकट एसटीत चढला. कंडक्टर उतरवायला लागला तर भर गाडीत म्हणतो, "मेंढी न्हाय सायेब, माझ्या बहिणीचा जामीन हाय." सगळ्या गाडीला माझ्या कालवणाची हकिकत कळली. बायको हसून हसून लोळली. त्या दिवशी तिनं मेंढीला भाकरी घातली, मला नाही.

कहर केला तो लेकीच्या सोयरिकीत, पंच्याण्णवच्या सुमाराला. तोवर देज गेलं होतं, हुंडा आला होता. बारामतीच्या पाहुण्यांनी मोटारसायकल मागितली. मी मान डोलवणार तोच हा म्हणाला, "पावणं, पोरगी बी आमीच द्यायची आन गाडी बी आमीच? मंग तुमी काय देनार? मेंढी आणा!" एकाला ठसका लागला, बाकीच्यांचा चहा बशीतच राहिला. मोडलीच सोयरीक, म्हणून मी डोळे मिटले. तर आतनं मुलाची आजी ओरडली, "खरं बोलतोय त्यो. माझ्या बापाला बी दिली व्हती." लग्न झालं, गाडीवाचून.

औंदा थंडीत बायको गेली. दहाव्याला मेव्हणा येणार होता. देज परत आलं की नातं सुटलं, हा रिवाज मला ठाऊक होता. आता हा मेंढी बांधून जाणार, आणि कऱ्हाटीत मला कोण विचारणार?

तो आला. हातात नुसती दोरी.

"मेंढी कुठाय रं?"

"घरी हाय." त्यानं दोरी हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "सवयीनं दोरी घेतली, दाजी. मेंढी दिली तर बहीण मागाय पायजे. आता कुणाला मागू?"

जन्मभर त्या मेंढीला मी शिव्या घातल्या.  त्या दिवशी म्हणालो, "कालवण रोजच खारट होतंय. पुढच्या बाजाराला ये तिला घेऊन."

तो येतो. मेंढी दारात बांधतो. मी तिला भाकरी घालतो, तोवर तो बसून राहतो. मग तिला सोडून परत नेतो. कुणी काही मागत नाही.