आई फिलाडेल्फियाला जाते

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यानं पूर्वी एक मोठा पुढारी घोड्यावरून फिलाडेल्फियाला जायचा. हा देश तेव्हा नुकता उभा राहत होता आणि राजधानी तिकडं होती. लेकीनं शाळेतून आणलेली ही गोष्ट मी चहा पिता पिता आईला सांगितली. आईनं कप खाली ठेवला.

"आणि त्याची बायको?"

"ती घरी. शेत, पोरं, सगळं तिच्याच गळ्यात."

"मग आपण जाऊ," आई म्हणाली.

मला लगेच कळलं. बाबा दोनदा आमदार होते. अधिवेशन लागलं की मुंबई, आणि मग आठवडेच्या आठवडे पत्ता नाही. "पुढच्या वेळी तुला सभागृह दाखवतो," हे जाताना ठरलेलं. पुढच्या वेळी नेमकी गाय व्यायची, नाहीतर आजी आजारी पडायची. बाबा गेले, सभागृह राहिलंच. आता माझ्याकडं राहायला आलेल्या आईचं भारतात परतीचं विमान शनिवारी होतं. मी बसल्या जागी फिलाडेल्फियात तो पुढारी बसायचा त्या सभागृहाची गुरुवारची तिकिटं बुक केली, सुट्टी टाकली आणि बॉसला काय वाटायचं ते वाटो म्हटलं.

सहलीला निघालेल्या पोरींसारख्या आम्ही खुशीत होतो. आईनं कोरी इरकल नेसली, माझ्या हातावर दही ठेवलं आणि सीटबेल्ट लावून म्हणाली, "चल, हाण." माझी गाडी म्हणजे घोडाच समजली की काय कोण जाणे.

न्यू जर्सीत ट्रॅफिकनं घात केला. तिकिटावर तीनची वेळ, ती चुकली की संपलं, कारण शुक्रवारी एकही जागा शिल्लक नव्हती. मी पुढच्या ट्रकला अस्सल सातारी शिव्या देत होते आणि आई मला लाडू भरवत होती. पार्किंगपासून तर आम्ही पळतच सुटलो, सत्तरीची बाई माझ्या पुढं. दार लावायच्या बेतात असताना पोचलो.

आत कठडा, पलीकडे हिरव्या कापडाची टेबलं, खुर्च्या. गाइड भरभरून बोलत होती, माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खोली बघत होती.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "मला जन्मभर वाटायचं, केवढी मोठी जागा असेल ती, की तिथं गेल्यावर यांना घराची आठवण होत नाही."

मला रडूच आलं. तिनं पदर सारखा केला आणि कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"रडतेस काय? फोटो काढ. सगळी खोली आली पाहिजे."