हा प्रश्न परत नेऊ का?

आमचे हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवतात आणि मागच्या खोलीत हे मेणात एकेक दात बसवतात. सगळे यांना दातवाले म्हणतात. रविवारी सकाळी मात्र साचे बाजूला सरकतात, सात-आठ खुर्च्या येतात आणि दातवाल्यांचे सर होतात. नवख्यांना बुद्धाची शिकवण सोपी करून सांगतात.

सांगतात छान, खोटं कशाला बोलू? कवळी टोचते म्हणून परत आली, की उगाच कानस चालवायची नाही. निळा कागद चावायला द्यायचा, डाग पडेल तेवढंच घासायचं. "बुद्धानं तेच केलं," हे सांगतात. "दुःख आहे, हे पहिलं सत्य. ते तृष्णेतून, धरून ठेवण्यातून येतं, हे दुसरं. ते थांबतं, हे तिसरं. थांबवायची वाट आहे आणि ती चालावी लागते, हे चौथं. माझं ऐकून मानू नका, करून बघा. अडलं तर विचारा. इथून कुठलाही प्रश्न परत जात नाही."

नर्सबाई वहीत लिहून घेतात, निवृत्त पोस्टमनकाका मान डोलावतात, आणि स्वयंपाकघरात माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारण आमची एकुलती एक लेक. यांनीच तिला काम शिकवलं, आणि तिचा हात यांच्याहून सफाईदार निघाला. सहा वर्षांपूर्वी ती मशीनवर दात बनवणाऱ्या कंपनीत गेली. हे म्हणाले, "हाताची विद्या मातीत घातलीस. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." ती माझीच लेक, नाहीच चढली. राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने चाळीस मिनिटं. मी जाऊन भेटून येते. घरात तिचं नाव काढलं की हे उठून मागच्या खोलीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आणि आता कंपनी तिला परदेशी पाठवत होती. पाच वर्षांसाठी. सोमवारचं विमान होतं. अशी रुसून गेलेली पोर परत कुठली यायला?

आदल्या दिवशी, रविवारी, मी हात पुसले आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"वहिनी, आज तुम्ही?" पोस्टमनकाका म्हणाले.

"आज मी विद्यार्थिनी."

हे चपापले, पण शिकवत राहिले. दुसरं सत्य आलं तसा मी हात वर केला.

"सर, एक शंका. बापाने मुलीशी सहा वर्षं अबोला धरायचा, हे कुठल्या सत्यात बसतं?"

नर्सबाईंचं पेन थांबलं. यांचे कान लाल झाले. "हे आपण घरी बोलू."

"अहो, हे घरच आहे. आणि इथून प्रश्न परत जात नाही ना? मग हा परत नेऊ का?"

उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे ठरवूनच बसले होते.

यांनी अंगठ्याने टेबलाची कड घासली. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दुसऱ्यात. रागही आपणच धरून ठेवतो. मला वाटायचं तिच्यामुळे टोचतंय. डाग माझ्याच बाजूला आहे."

"आणि चौथ्याचं काय?"

"ते मला सांगता येतं. चालता येत नाही."

"मग चपला घाला. उद्या ती देश सोडून चाललीये."

यांना हे ठाऊकच नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला. "जा तुम्ही, कुलूप मी लावतो," पोस्टमनकाका म्हणाले, आणि आम्ही खुर्च्या तशाच टाकून निघालो.

चाळीस मिनिटांनी बसमधून उतरलो. लेकीने दार उघडलं. मागे अर्धवट भरलेल्या बॅगा.

"माझं चुकलं," हे म्हणाले. ना पहिलं, ना दुसरं, सरळ एवढंच.

तिचे डोळे भरून आले, पण आवाज करडाच होता. "एवढं म्हणायला सहा वर्षं लागली, बाबा?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं गं."

मी फणकारायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच होतं ते. सहा वर्षं मी यांच्यामागे धुसफुसले, लेकीपाशी यांच्या कागाळ्या केल्या. तोंडावर विचारलं ते आज सकाळी, पहिल्यांदा. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

लेक आता माझ्याकडे बघत होती.

"माझंही चुकलं," मी म्हटलं.