रिकाम्या हाताचे सहा बाण

कोपर एकदा दुखायला लागलं की महिने घेतं. धनुष्य खुंटीला आणि आपण झाडाखाली. मग माणूस नुसता बोलतो आणि किस्से साचत जातात. लातूरच्या मैदानावर तिरंदाजी करणाऱ्या आम्हा मुलींकडे तर ढीग झाला होता!

माझी मैत्रीण शकू किल्लारीकडची, भूकंपानंतर मामाकडे लातूरला आलेली. दोरी ओढून ओढून आम्हा दोघींचं उजवं कोपर एकाच आठवड्यात गेलं. दवाखान्यात गेलो, तर वह्या घेतलेल्या, मेडिकलच्या क्लासांतल्या पोरापोरींची ही रांग! डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "सूज आहे. लिहिणं कमी करा. क्लास कोणता?"

"तिरंदाजी," शकू म्हणाली.

डॉक्टर विचारात पडले. "नवीन निघाला का? मेडिकलला चालतो?"

आम्हाला तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांचा नियम कडक. शिट्टीशिवाय रेषा ओलांडायची नाही. शिट्टी झाली की पळत जाऊन बाण आणायचे. कोपर जाण्याआधी एका दुपारी जमीन थरथरली. समोरच्या घरांतून बायका बाहेर धावल्या, आम्ही रेषेवरच उभ्या! सर ओरडले, "पोरींनो, मागं या!" कोणी हलेना. शेवटी घाबरून त्यांनी शिट्टी फुंकली. आम्ही धावलो ते थेट भिंतीकडे, तिला टेकवलेल्या लक्ष्यांतले बाण उपटायला!

नंतर सगळ्या हसत सुटल्या. शकू तेवढी हसली नाही. तिचा हात माझ्या हातात गार पडला होता.

मैदानासमोर रहीमचाचांचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजायची त्यांची धनुकली आमच्या धनुष्यापेक्षा मोठी! त्याच दिवसांत एकदा मला म्हणाले, "बेटा, तू कोपरानं ओढून राहिलीस. पाठीनं ओढ. कोपरानं पिंजणारा दोन सालात घरी बसतो."

"आणि पाठीनं पिंजणारा?"

"तो लई टिकतो. मग लेकं म्हणतात, अब्बा, आता मशीन आणू!"

विश्रांतीतही सरांनी काम दिलंच. डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात बाण मारायचे. मला ते फार आवडायचं. कोवळं ऊन, निंबाची सावली, आणि दोरी नसतानाही ती हनुवटीला लागल्यासारखी वाटायची. एकदा एक शेतकरी देवणी बैल घेऊन चालला होता.

"काय करून राहिलात, पोरींनो?"

"बाण मारून राहिलो, काका."

त्यानं कासरा ओढला. "मग मी पलीकडनं जातो!"

पुढे नांदेडच्या निवड चाचणीला एकीचंच नाव पाठवायचं ठरलं. मी किंवा शकू. मला तर झोपेतही नांदेडच दिसायचं. हात सुधारले होते, पण चाचणीआधी धनुष्य नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सर म्हणाले, "डोळे मिटा. सहा-सहा बाण. प्रत्येक बाणाचा आकडा सांगा."

मी पटापट सांगून टाकलं, "दहा, दहा, दहा, दहा, दहा, दहा!"

शकू सावकाश बोलत होती. "नऊ... दहा... आठ... नऊ..." आणि गप्प झाली.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"वारा सुटलाय, सर. थांबते."

मी डोळे उघडले. निंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. सरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला आणि तिचं नाव लिहिलं.

मला रडूच फुटलं. "सर, वारा कुठंय?"

"हळू बोल," सर कुजबुजले. "तिचे अजून दोन बाण राहिलेत."