दोनदा दाबलेलं बटण

टेस्टरबाईंची अकरा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात गेली, पण कुणी कधी आभार मानले असतील तर शपथ. शेजारचा डेव्हलपर तर हाताच्या अंतरावर बसून त्यांची तक्रार कॉम्प्युटरवरूनच परत पाठवायचा. आज ती तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा बाईंनी त्याला खुर्चीसकट ओढून आणलं. दवाखान्याच्या अ‍ॅपमधलं ‘बुक करा’ बटण दोनदा दाबलं की डॉक्टरांच्या दोन अपॉइंटमेंट बुक होत होत्या.

“पण बटण दोनदा दाबतंय कोण?” तो म्हणाला.

बाईंचं डोकंच फिरलं. त्या तडक जेवायला निघाल्या. तोही मागोमाग आला. बाईंनी लिफ्टचं बटण दाबलं, दिवा लागला. त्याने पुढे होऊन तेच बटण पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा.

“सापडला,” बाई म्हणाल्या.