लाल चिंधीची मोरी

त्या दिवशी नाल्यात माही सासू होती, आमचे मालक होते, ठेकेदार होता, त्याचे मजूर, मी, आन् रस्तेवाला साहेब. साऱ्या भंडारा जिल्ह्यात सुक्या नाल्याशी बोलनारा मानूस तोच एक.

बपेऱ्याच्या पुढं जंगलात आमचं गाव. मोठा दुकाळ सरला आन् रस्त्याचं निघालं. नाल्यावर मोऱ्या, म्हंजे खालून पानी जाईन असे लहान पूल, कोठं बांधाच्या, हे ठरवाले साहेब आला. आभाळात ढग नाई, पन डोक्यावर छत्री. हरेक नाल्यात उतरे, गोट्यावर बसून शिदोरी सोडे, आन् नाल्यालेच विचारे, "काहून वो बाई, सावनात कोठवर चढतेस?" मालक म्हनत, "साहेब, नाला बोलत नाई जी." "बोलते, पन हळू," म्हने. मंग झाडाच्या फांदीत पुराचा काडीकचरा अटकलेला दिसला, का तेथं लाल चिंधी बांधे. पानी एथवर येते, अशी त्याची खूण.

मले आमच्या नाल्याचा धाक होता. माही पयली पोरगी तापानं फणफणली तवा बैलबंडी पूर उतराची वाट पाहत काठावरच उभी राह्यली. पोरगी तेथंच गेली. आता मले पुन्हा दिवस गेले होते.

त्या दिवशी साहेब ठेकेदाराले घेऊन परत आला, तं आमच्या नाल्यातल्या जांभळावरच्या चिंधीले कुंकू, फुलं, खाली नारळ. सासूनं देवी मांडली होती. साहेब म्हने, "अवो माय, ते माह्या बायकोच्या लुगड्याची चिंधी आहे!"

"तं बायकोले सांगजा, देवीनं तिचं लुगडं नेसलं."

साहेबानं छत्री मिटली आन् हात जोडले.

खर्च वाचवाले ठेकेदाराले मोरी ठेंगनी पाहिजे होती. पानी तुंबन, रस्ता बुडन, असं साहेब त्याले सांगून थकला होता. सासू आडवी आली. "पानी तुंबलं तं माही देवी बुडन ना रे बावा!" मजुरांनी फावडे खाली ठेवले. ठेकेदाराले मानाच लागलं. साहेब मिशीत हासला, मालकाले म्हने, "पाह्यलं? नाला बोलला."

मोरी चिंधीच्या वर झाली. पावसाच्या आधीच साहेबाची बदली झाली. सावनात मले कळा लागल्या, तं खाली पानी गरजत होतं आन् आमची बंडी वरून निघून गेली. तुमसरच्या दवाखान्यात लेक झाली. साहेबानं आमच्या नाल्यात पानी कधी पाह्यलंच नाई. सुक्याशीच बोलून गेला बिचारा.

दरसाल मोरीतला पाला मीच काढत होती. आता मले वाकनं होत नाई. जो कोनी हे वाचन, त्यानं पावसाच्या आधी तेवढा काढून टाकजा.