वैशाखातलं मळभ

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल. मी भूगोलाचा मास्तर, आणि माझी फजिती व्हावी ती हवामानातच! याला काय म्हणायचं सांगा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बुरोंडीजवळच्या आमच्या कातळावर हापूसची नवी कलमं लावली होती. वैशाखात विहीर तळ गाठायची. पाणी जास्त घातलं तर विहीर जाणार, कमी घातलं तर कलमं.

माझी भाची शुभदा शेतीची इंजिनिअर. झाडाला किती पाणी लागेल हे काढायला वारा, दमटपणा, ऊन सगळंच मोजावं लागतं, आणि ती यंत्रं आमच्या गावात कोण आणून ठेवणार? म्हणून तिनं एक प्रोग्रॅम केला. त्याला फक्त दिवसाचं कमाल आणि किमान तापमान द्यायचं. दोन्हींत फरक मोठा म्हणजे ऊन कडक, फरक कमी म्हणजे मळभ. बाकीचं तो आपला आपण ताडतो. कौतुकानं ऊर भरून आला हो माझा.

तिनं थर्मामीटर दिला आणि बजावलं, "मामा, सावलीत टांगा, मोकळ्या हवेत. मुलांचा हात लागता कामा नये."

सुट्टीला मुंबईची पोरं आलेली. पडवीत क्रिकेट, आंब्याखाली झोपाळा. सावली, हवा आणि पोरांना बंदी, अशी एकच जागा मला सुचली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो.

रोज सकाळी आकडे टाकायचो. प्रोग्रॅम म्हणायचा, मळभ आहे, पाणी नावापुरतं घाला. मी तसंच घालायचो. वर शेजारच्या आप्पांनाही सांगायचो, उगाच पाणी नासवू नका म्हणून.

आप्पा डोक्यावर ओला पंचा टाकून उभे. "अरे मास्तर, टाळू भाजत्येय माझी, नि मळभ कसलं म्हणतोस?"

"आप्पा, डोळ्यांना दिसतं ते वेगळं, शास्त्र वेगळं," मी म्हणालो. तेही भर उन्हात, डोळे बारीक करून! आप्पांनी अर्थात ऐकलं नाही.

आठवड्याभरात माझ्या कलमांनी माना टाकल्या. शुभदाला बोलावून घेतलं आणि ती दारात आल्याआल्या तुझा प्रोग्रॅम चुकतोय म्हणून सुनावलं.

पोरगी चिडली नाही. तिनं माझे आकडे पाहिले. "मामा, वैशाखात इतका कमी फरक उघड्यावर पडायचाच नाही. थर्मामीटर गारव्याला आहे, पाण्याजवळ. टांगलात कुठे?"

नुसत्या आकड्यांवरून तिनं जागा ताडली! मी तिला परसात नेलं आणि रहाटाला बांधलेली दोरी ओढायला लागलो. पोहऱ्यासारखा थर्मामीटर वर आला.

मग तो आंब्याच्या सावलीत, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा फांदीवर गेला. प्रोग्रॅमनं लगेच भरपूर पाणी सांगितलं, विहिरीत वाचलेलं पाणी कामी आलं, आणि दोन-चार दिवसांत कलमं सावरली. शुभदा निघताना मी हळूच विचारलं, "म्हणजे प्रोग्रॅम आधीही बरोबरच होता?"

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "तुम्ही रोज विचारत होतात, विहिरीला किती पाणी घालू? तो बिचारा सांगत होता, नावापुरतं."