शांघायच्या म्हातारीची वाम

महिपत मालवाहू बोटीवर खलाशी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, तो समुद्रावर गेला. शहाऐंशीच्या शिमग्याला त्याने मला पूर्णगडजवळच्या आपल्या वाडीत नेलं. "पालखी नाचवताना बघ मला," म्हणाला. बोटीवर असल्याने कित्येक शिमग्यांत त्याचा खांदा पालखीला लागला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी आग्रह केला म्हणून त्याने शांघाय सांगितलं. नदीकाठी जुन्या दगडी इमारती. रस्त्यावर सायकलींचा लोंढा. एका देवळात उदबत्त्यांचा धूर आणि त्याच्याच मागे बांबूच्या परांच्या बांधून वर चढत चाललेलं हॉटेल. तो मान वर करून चालत राहिला, जुन्या गल्ल्यांत शिरला आणि वाट चुकला. एका म्हातारीने त्याला हाताला धरून दारातल्या बाकड्यावर बसवलं. वाडग्यात भात, वर सापासारखा लांबट वाम मासा. काड्यांनी खाता येईना, तेव्हा हसत चमचा आणून दिला. मग बंदराच्या बसपर्यंत सोबत आली.

दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं, महिपतने चीनमध्ये साप खाल्ला.

गावकी बसली. काल याच माणसांनी त्याने आणलेल्या सिगारेटी वाटून ओढल्या होत्या.

"साप खाणाऱ्याचा खांदा देवीच्या पालखीला लागायचा नाय," गावकीचा मुख्य, गावकर गंगाराम म्हणाला.

"वाम होती, गंगारामबाबा. तुम्ही पण खाता."

"वाम की धामण, विचारलंस काय तिला?" मागून कोणीतरी ओरडलं. "कंच्या भाषेत विचारलंस?"

सगळे खदखदून हसले. 

गंगारामने आवाज खाली आणला. "ह्ये बघ महिपता. देवीपुढं नारळ ठेव. बोल, म्हातारीनं फसवून घातलं. झालं. उद्या पालखी घे."

"तिनं फसवलं नाय."

"कोण लागते रे ती तुझी?"

"मला भूक लागलेली. तिनं वाढलं. तिच्यावर खोटं घालू?"

"मग पालखी तुझ्या दारात थांबायची नाय."

घरी त्याची आई, हौसा, रडकुंडीला आली. "बोल की रे. ती काय हितं ऐकायला येणार हाय?"

"म्हणूनच नाय बोलणार, आये."

दुसऱ्या दिवशी पालखी घरोघर थांबत निघाली, ढोल जवळ आला. हौसा नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट आणि ओटीचा नारळ घेऊन अंगणात उभी होती. तिला वाटत होतं, थांबतील. मलाही वाटत होतं. पालखीखालची माणसं जमिनीकडे बघत पुढे सरकली. "वाजवा रे!" गंगाराम ढोलवाल्यांवर ओरडला. शेजारच्या अंगणात पालखी टेकली.

महिपतची मान ताठ होती.  

हौसाने ताट जोत्यावर आदळलं. कुंकू सांडलं. नारळ तेवढा तिच्या हातात राहिला.

"तुझी बोट परत तिकडं जाईल काय?"

"काय ठाऊक, आये."

"जाईल तवा हा तिला दे."

"तोवर नासेल गो."

"नासला तर दुसरा ने," पालखीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली. "माझा माड काय गावकीचा नाय!"